शिक्का मारण्याआधी एकदा उडताना पाहा : विमान वाहतूक महासंचालकांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी माझा खासगी वैमानिकाचा परवाना वैध होता, मेडिकल वैध होतं, लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) नीट भरलेलं होतं. आणि तरीही मी विमान उडवण्याच्या लायकीचा उरलो नव्हतो. मला स्वतःला ते कळलं नव्हतं. कागद पाहून दुसऱ्या कुणाला कळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मे महिन्यानंतर मी थेट डिसेंबरात विमानात बसत होतो. मधले चार महिने पावसाचे. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग बसले की आमच्यासारख्या नजरेच्या भरवशावर उडणाऱ्यांना जमिनीवरच राहावं लागतं. मग दिवाळी आली, मग कामं आली. सातपूरला माझं छोटं मशीन शॉप आहे, ऑर्डर असली की रविवारही जातो. असे सात महिने गेले. त्या दिवशी बारा वर्षांचा मुलगा सोबत आला होता. माझी दोन-तीन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, झाली की त्याला शेजारी बसवून फिरवून आणायचं ठरलं होतं. तो हँगरच्या सावलीत माझी टोपी घालून उभा होता.

मी एकटाच निघणार होतो. आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडमनी लॉगबुकचं शेवटचं पान काढून तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "सात महिने? थांबा, मी बसते." मी म्हटलं, "मॅडम, कागदोपत्री सगळं क्लिअर आहे." त्यांनी उत्तर दिलं नाही. उजव्या सीटवर येऊन पट्टा बांधला.

पहिल्याच सर्किटला, बेसवरून फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत यायला शेवटचं वळताना, मागून लागणारा वारा मी हिशेबात धरला नाही. धावपट्टीची रेष डावीकडे निघून गेली. विमान जास्त कलवायची भीती वाटली, म्हणून पायानं डावा रडर दाबून नुसतं नाक ओढून आणायला लागलो. पंख आणखी कलू नये म्हणून हात उलट्या बाजूला, नाक खाली जाऊ नये म्हणून योक (हातातलं स्टीअरिंग) पोटाशी. उंची चारशे फुटांच्या आसपास. आणि पिपाणी वाजली. सेस्ना या आमच्या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. पंखाची हवेवरची पकड सुटायच्या बेताला आली की त्यातून हवा ओढली जाते आणि जत्रेतल्या पिपाणीसारखा बारीक, रडवा आवाज येतो. मला तो आवाज ऐकू आला, त्याचा अर्थ कळला, पण हात हलले नाहीत.

मॅडमचे हलले. योक पुढे, रडर मध्यावर, थ्रॉटल पूर्ण आत. "गो अराउंड. वर गेल्यावर बोलू." एवढंच. म्हणजे उतरणं सोडायचं आणि पुन्हा वर जायचं.

वर गेल्यावर त्या जे बोलल्या ते मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. अशा उलटसुलट अवस्थेत वळणाच्या आतला पंख आधी सुटतो, विमान त्या बाजूला पलटी खाऊन गिरकीत जातं, आणि चारशे फुटांवर ती गिरकी मोडायला जागा नसते. जगभरातल्या वैमानिकांना वर्गात शिकवलं जाणारं हे मरण आहे. मुलगा त्या दिवशी विमानात बसला नाही. पुढचे तीन रविवार मी मॅडमना शेजारी बसवून फक्त सर्किट मारली.

महोदय, यात चूक माझी होती आणि ती मी कुणावर ढकलत नाही. पण त्या सकाळी माझ्या आणि अपघाताच्या मध्ये कुठलाही नियम उभा नव्हता. एका बाईंचा हट्ट उभा होता. तो हट्ट नियमात यावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मी ओझरचा. वडील हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) इन्स्पेक्शनला होते. 1964 साली मिग विमानांसाठी ओझरला कारखाना उभा राहिला आणि आमच्यासारखी शेकडो घरं त्याच्या सावलीत वाढली. वडिलांकडे त्यांच्या नंबरचा तपासणीचा शिक्का होता. तो ते कुणाच्या हाती देत नसत. एखादा भाग वरच्या शॉपमधून सही होऊन आला असला तरी स्वतः गेज लावल्याशिवाय त्यांनी शिक्का मारला नाही. "त्यांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही, मी काय पाहिलं ते शिक्का सांगणार," असं ते म्हणत. वैमानिकाचा परवाना हाही शिक्काच आहे. तो नेमकं काय पाहून मारला जातो, हा माझा प्रश्न आहे.

पहिली तक्रार तासांची. खासगी परवान्यासाठी आपल्याकडे किमान 40 तासांचं उड्डाण लागतं. त्यात किमान 10 तास एकट्यानं, त्यातले 5 तास लांब पल्ल्याचे, आणि त्यात 150 सागरी मैलांचा, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या वरचा, दोन वेगळ्या ठिकाणी उतरून केलेला एक प्रवास. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं किमान प्रमाणही 40 तासांचंच आहे, त्यामुळे आकड्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आकड्यालाच शिक्षण समजण्याला. उड्डाणाचा काळ मोजला जातो तो विमान उडण्यासाठी जागेवरून हललं तेव्हापासून परत येऊन थांबेपर्यंत. म्हणजे धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या तीन विमानांची वाट बघत काढलेली पंधरा मिनिटंही माझ्या तासांत जमा होतात, आणि त्यांचे पैसेही मी मोजतो. चाळीस तासांपैकी हवेत किती गेले, आणि हवेतल्या तासांपैकी विमान खरोखर माझ्या हातात किती होतं, हे लॉगबुकातली बेरीज सांगत नाही.

दुसरी तक्रार शिकवण्याची. मी दोन संस्थांमध्ये शिकलो. नावं लिहीत नाही, कारण माझं भांडण एका संस्थेशी नाही. पहिल्या ठिकाणी 22 तास झाले आणि तेवढ्यात पाच इन्स्ट्रक्टर बदलले. एअरलाइनचं बोलावणं आलं की तरुण इन्स्ट्रक्टर जायचा. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही कर्ज फेडायचं असतं. पण नवा येणारा प्रत्येक जण "दाखवा बरं काय येतं" म्हणून पुन्हा सर्किटपासून सुरू करायचा. एक म्हणे फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा करा, दुसरा म्हणे लवकर. विमान बिघडलं की दोन-दोन आठवडे सॉर्टी (सरावाचं उड्डाण) नसायची, आणि विमान आलं की मधल्या खंडात विसरलेलं परत शिकायचं, पुन्हा माझ्याच पैशांनी. डीब्रिफिंग, उड्डाणानंतरची चर्चा, म्हणजे विमानापासून ऑफिसपर्यंत चालत येताना झालेल्या दोन वाक्यांचं नाव होतं. बावीस तासांत एकदाही कुणी मला खराखुरा गो अराउंड करायला लावला नाही.

दुसऱ्या ठिकाणी मॅडम भेटल्या. पहिल्या दिवशी त्यांनी वेगदर्शक काटा व्हिजिटिंग कार्डानं झाकला आणि म्हणाल्या, "आता उडवा." आवाजावरून, योकच्या जडपणावरून, नाकाच्या उंचीवरून वेग ओळखायचा. मला एक सर्किटही सरळ जमलं नाही. बावीस तास माझे डोळे काट्याला चिकटलेले होते आणि विमान मला कळलंच नव्हतं. मॅडमनी मला जवळजवळ शून्यापासून शिकवलं. अखेर परीक्षा दिली तेव्हा माझे तास 60 च्या पुढे गेले होते, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप होतो तो त्या पहिल्या बावीस तासांचा. लहानपणी अक्षराला लागलेलं वळण जसं जन्मभर जात नाही, तसं हाताला लागलेलं पहिलं वळणही जात नाही. डिसेंबरात चारशे फुटांवर घाबरल्यावर माझे हात मॅडमनी शिकवलेलं विसरले आणि आधीच्या सवयीकडे पळाले.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे. इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, हे पहिल्या संस्थेत मला नेहमी धावपट्टीच्या डोक्यावर शिकवलं गेलं. थ्रॉटल मागे घेतलं की खाली लांबलचक डांबरी पट्टी दिसायचीच. मी दर वेळी उतरायचो आणि खूश व्हायचो. मॅडमनी पहिल्यांदा थ्रॉटल ओढलं ते शेतांवर. "इंजिन गेलं. कुठे उतरणार?"

मी निफाड तालुक्यातला माणूस. आयुष्य शेतांत गेलं. आणि मी बोट दाखवलं ते एका द्राक्षबागेकडे. अडीच हजार फुटांवरून बाग अगदी मऊ, सपाट, हिरव्या गालिच्यासारखी दिसते. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कुठले म्हणालात?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या हिरव्याखाली लोखंडी अँगल आहेत, ताणलेल्या तारा आहेत, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीचा मांडव आहे. त्यावर विमान उतरवणं म्हणजे किसणीवर उतरवणं. ऊस दुरून कुरणासारखा दिसतो, पण तो विमानाची चाकं धरून विमान उलटं करतो. शेडनेट, पॉलिहाऊस, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, सगळं वरून चकाकतं आणि नजरेला फसवतं. मग चांगलं काय? गहू किंवा बाजरी काढून झालेलं, धसकटं उरलेलं रान. कांदा उपटून झालेलं वावर. त्यातही नांगराच्या तासांच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही. वस्तीजवळच्या वावरात विजेची तार असणारच असं धरून चालायचं, कारण तार दिसत नाही, खांब दिसतात. वारा बघायला तिथे विंडसॉक नसतो. कुठे पाचट पेटवलेलं असेल तर त्याचा धूर बघायचा. छोट्या सेस्नाला इंजिनाशिवाय हजार फूट उंचीत साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर जाता येतं. एवढ्या अंतरातलं शेत निवडायचं, आणि निवडलं की बदलायचं नाही.

हे ज्ञान कुठल्या परदेशी पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. ते पंजाबात वेगळं असेल, केरळात वेगळं. पण ते असल्याशिवाय माणसाला एकट्याला पावणेतीनशे किलोमीटरच्या प्रवासाला सोडणं धोक्याचं आहे. हीच गत उन्हाची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 40 ला टेकला की विरळ झालेली हवा विमानाला साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे विमान जणू कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण करत असतं. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. परीक्षेत याचं गणित येतं. पण भर दुपारी, पूर्ण टाकी आणि दोन माणसं घेऊन, विमान किती लांब धावतं ते शेजारी बसून कुणी दाखवतं का? मला एका ठिकाणी दाखवलं, एका ठिकाणी नाही. परवाना दोन्हीकडे तोच मिळतो.

तिसरी तक्रार माहितीची. माझ्या मित्राची मुलगी यंदा बारावी झाली. नाशिकरोडला राहतात. तिला वैमानिक व्हायचं आहे आणि वडील जमिनीचा तुकडा विकायच्या तयारीत आहेत. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, कुठे घालू?" मी उडतो, या क्षेत्रातली चार माणसं ओळखतो, आणि तरीही मला उत्तर देता आलं नाही. संस्थांच्या जाहिरातींत विमानांचे आणि गणवेशांचे फोटो असतात. विद्यार्थी पहिल्या सोलोला (एकट्यानं उडायला) सरासरी किती तासांनी जातो, परवाना किती महिन्यांत मिळतो, एकेक इन्स्ट्रक्टर किती टिकतो, गेल्या वर्षी विमानं किती दिवस जमिनीवर होती, मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतात, यातलं काहीही आई-बापांना एका जागी वाचायला मिळत नाही. 2025 मध्ये आपण उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिल्यांदाच श्रेणीनुसार वर्गवारी जाहीर केली, त्याबद्दल मनापासून आभार. वरच्या दोन श्रेणींत तेव्हा एकही संस्था बसली नाही, 13 बी श्रेणीत आल्या आणि 22 सी श्रेणीत. हे जाहीर करायला धैर्य लागतं. पण सी म्हणजे नक्की कशात कमी? विमानं कमी, शिकवणं कमी की सुरक्षितता कमी? जमीन विकणाऱ्या बापाला नुसत्या अक्षरानं निर्णय घेता येत नाही.

चौथी तक्रार परवान्यानंतरची, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी. परवाना मिळाला की शिक्षण संपलं, असं आपली व्यवस्था धरून चालते. त्यानंतर माझ्या शरीराची तपासणी ठरल्या वेळी होत राहते. डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी सगळं बघतात, आणि ते योग्यच आहे. पण लॉगबुकातले तास भरलेले असतील तर माझे हात अजून चालतात का, हे शेजारी बसून बघण्याची गरज नियमाला वाटत नाही. तास मी कसे भरले याला महत्त्व नाही. स्वच्छ हवेत, त्याच धावपट्टीवर, तेच सरळ उड्डाण दहा वेळा केलं तरी ते दहा तासच धरले जातात. आडव्या वाऱ्यात उतरायची सवय गेली आहे, स्टॉल (पंखाची हवेवरची पकड सुटणं) मी दोन वर्षांत करून पाहिलेला नाही, रेडिओ बंद पडला तर काय करायचं ते आठवत नाही, हे त्या तासांत कुठेच दिसत नाही.

बाहेरचे देश काय करतात ते आपणांस माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, वाचकांसाठी सांगतो. अमेरिकेत दर 24 महिन्यांनी प्रत्येक वैमानिकाला इन्स्ट्रक्टरसोबत किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत उजळणी करावी लागते. त्यात नापास करण्याची तरतूद नाही. जमलं नाही तर इन्स्ट्रक्टर सही करत नाही, आणखी सराव करायचा आणि परत यायचं. शिवाय गेल्या 90 दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग केलेली नसतील तर तिथे प्रवासी नेता येत नाही. युरोपात एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची मान्यता, दोन वर्षांचं असतं. ते पुढे चालू ठेवायला शेवटच्या बारा महिन्यांत 12 तास, 12 उड्डाणं-लँडिंग आणि इन्स्ट्रक्टरसोबत किमान एक तासाची उजळणी लागते. अन्यथा परीक्षकासमोर चाचणी. इथे मोठ्या यंत्रणेची गरज नाही. लागतात ते इन्स्ट्रक्टरचे एक-दोन तास आणि एक प्रामाणिक सही. आपल्याकडे तर पावसाळ्यामुळे दर वर्षी चार महिन्यांचा खंड ठरलेलाच आहे. ज्या देशात खंड निसर्गानंच लिहून ठेवलाय, तिथे उजळणीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

आणि उडत राहायचं म्हटलं तर उडायचं कुठे? ओझरची धावपट्टी एचएएलची, जवळपास तीन किलोमीटर लांबीची. तिथून प्रवासी विमानं जातात, सुखोई उठतात, आता तेजसचीही जोडणी होते आहे. नाशिकच्याच गांधीनगरची धावपट्टी लष्कराच्या हवाई शाखेची (आर्मी एव्हिएशन). देशाची ती गरज आहे, त्यावर आमचा हक्क नाही आणि तो मी मागतही नाही. पण आपल्या राज्यात छोट्या धावपट्ट्या बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. काही महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहेत. नाशिकच्या माणसाला एका तासाच्या उड्डाणासाठी पहाटे चारला घर सोडून जिल्ह्याबाहेर जावं लागतं, तासाला पंधरा हजारांच्या आसपास मोजावे लागतात, आणि पोचल्यावर कळतं की विमान दुरुस्तीत आहे. मग तो दोन महिने जात नाही. हात गंजतात ते असे. 10 फेब्रुवारी 1929 ला जे.आर.डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईत हौसेनं शिकून. चार वर्षांच्या आतच, 15 ऑक्टोबर 1932 ला, त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं. या देशाची विमान वाहतूक एका हौशी वैमानिकाच्या हातून सुरू झाली आहे.

मला एक उत्तर नेहमी ऐकायला मिळतं : खासगी वैमानिक आहेतच किती, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? माझं म्हणणं असं की आम्ही थोडे असू, पण आमच्या शेजारच्या सीटवर आमची मुलं बसतात आणि आमच्याखाली गावं असतात. शिवाय व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या 200 तासांची सुरुवात याच पहिल्या चाळीस तासांनी होते. उद्या शंभर-दोनशे प्रवासी घेऊन उडणाऱ्याच्या हाताला पहिलं वळण इथेच लागतं. बावीस तास काट्याला चिकटून शिकलेला विद्यार्थी पुढे मोठ्या विमानात गेला म्हणून ते वळण आपोआप सुटत नाही.

1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम 2024 लागू झाला आणि 1934 चा कायदा गेला. नव्या कायद्याला साजेसे नियम करण्याची हीच वेळ आहे. म्हणून मागण्या स्पष्ट लिहितो.

1. दर 24 महिन्यांनी प्रत्येक खासगी वैमानिकाची इन्स्ट्रक्टरसोबत एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत उजळणी सक्तीची करा, तास कितीही भरलेले असोत. पास-नापास नको, पण सहीशिवाय उड्डाणही नको.

2. सलग 90 दिवस न उडलेल्यानं एकट्यानं किंवा प्रवासी घेऊन उडण्याआधी इन्स्ट्रक्टरसोबत किमान तीन सर्किट करावीत. ज्या संस्थेचं विमान, तिच्यावर ही जबाबदारी टाका.

3. प्रशिक्षणात टप्प्याटप्प्यानं तपासणी ठेवा. पहिल्या सोलोआधी आणि लांब पल्ल्याच्या सोलोआधी, ज्यानं शिकवलं नाही अशा दुसऱ्या इन्स्ट्रक्टरनं विद्यार्थ्याला उडताना पाहावं. स्टॉल, वळणातला स्टॉल, गो अराउंड, आडवा वारा, आणि धावपट्टीपासून दूर, त्या भागातल्या शेतांवर इंजिन बंद पडल्याचा सराव, प्रत्येकाची लॉगबुकात स्वतंत्र नोंद आणि सही असावी.

4. जमिनीवर वाट बघण्यात गेलेला वेळ आणि हवेतला वेळ विद्यार्थ्याच्या नोंदीत वेगळा दाखवा.

5. प्रत्येक संस्थेची माहिती दर सहा महिन्यांनी मराठी, हिंदीसह प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध करा : सोलोपर्यंतचे आणि परवान्यापर्यंतचे सरासरी तास व महिने, इन्स्ट्रक्टरांची संख्या आणि वर्षभरात सोडून गेलेले, विमानं बंद राहिलेले दिवस, फी परताव्याची अट. श्रेणी देता तेव्हा कोणत्या निकषात किती गुण, तेही द्या. संपूर्ण फी एकरकमी आगाऊ घेण्यावर बंदी आणा.

6. राज्य सरकारशी बोलून छोट्या धावपट्ट्या आठवड्याचे निदान दोन दिवस, सकाळच्या वेळी, परवानाधारकांच्या सरावासाठी माफक शुल्कात खुल्या करा. उत्तर महाराष्ट्रापासून सुरुवात करता येईल.

7. चांगल्या इन्स्ट्रक्टरला इन्स्ट्रक्टर म्हणूनच टिकावंसं वाटेल, अशी वाट काढा. त्यांचं काम एअरलाइनला जाण्याआधीचा थांबा राहिलं तर वरच्या सहा मागण्या कागदावरच राहतील. ही मागणी शेवटी लिहिली असली तरी तिचं वजन सर्वांत जास्त आहे.

उजळणीच्या नियमामुळे माझ्यासारख्यांचा खर्च वाढेल, हे मला समजतं. दोन वर्षांतून हवेतला एक तास. तो मी आनंदानं देईन, आणि माझ्या ओळखीचे जे जे उडतात तेही देतील, याची मी त्यांच्याशी बोलून खात्री केली आहे.

माझं लॉगबुक, पहिल्या बावीस तासांसकट, आपल्या कार्यालयातल्या कुणालाही पाहायचं असेल तर मी घेऊन दिल्लीला येतो. दोन्ही संस्थांमध्ये काय शिकवलं गेलं आणि काय नाही, हे त्यातल्या पानांवरून मी तारखेनिशी दाखवू शकतो. मित्राच्या मुलीचा प्रवेश जूनमध्ये आहे. त्याआधी आपलं उत्तर आलं तर तिच्या वडिलांना मी काहीतरी सांगू शकेन.

आपला,
एक खासगी वैमानिक
ओझर, ता. निफाड, जि. नाशिक